ठिपक्यांची भाऊबंदकी आणि बोलकी पुस्तके

ग्रंथांचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा लिपी, कागद आणि मुद्रण या तीन टप्प्यांचा परामर्श घेऊन थांबतात; ग्रंथ सिद्ध झाला म्हणजे तो वाचकाच्या हाती पोहोचलाच, असे ते धरून चालतात, आणि डोळस वाचकांच्या बाबतीत हे गृहीत फारसे कोणाला खटकतही नाही. परंतु ज्यांना बोटांनी अथवा कानांनी वाचावे लागते, अशा वाचकांच्या इतिहासापाशी आले की हे गृहीत पार कोसळते. पॅरिसच्या अंधशाळेतील लुई ब्रेल या तरुणाने आपल्या सहा ठिपक्यांच्या लिपीची पुस्तिका 1829 साली प्रसिद्ध केली. आणि एखाद्या मोठ्या राष्ट्राच्या सरकारने आपल्या प्रौढ अंध नागरिकांसाठी दरसाल पुस्तके तयार करवून ती फुकट वाचावयास द्यावी, असा कायदा अमेरिकेत झाला तो 1931 साली. मधली शंभर वर्षे लिपी होती, कागद होता, छापखानेही होते. नव्हते ते ग्रंथ वाचकापर्यंत नेणारे तंत्र. ही शंभर वर्षे कशात खर्ची पडली आणि अखेर हा गुंता कोणी व कसा सोडवला, याची हकीकत परदेशातील असली तरी आपल्याही कामाची आहे.

तिचा आरंभ पॅरिसमध्येच होतो. व्हॅलेंतीन आयुई या सहृदय गृहस्थाने अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात अंध मुलांसाठी शाळा काढली आणि जाड ओल्या कागदावर मोठ्या रोमन अक्षरांचे ठसे उमटवून मुलांना ती बोटांनी चाचपून वाचावयास शिकवले. युरोपात अशी पुस्तके पूर्वी कोणी पाहिली नव्हती. म्हणून त्यांचे कौतुक झाले, राजदरबारात त्यांचे प्रयोगही झाले. तथापि त्या पुस्तकांचा एक दोष असा की, ती वाचणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याच्या सोयीने घडवलेली होती. अक्षराचा गोलावा आणि काना डोळ्याला क्षणात ओळखू येतो, बोटाला त्याभोवती फिरून त्याचा माग काढावा लागतो; आणि असे अक्षर अंधाने स्वतः लिहावयाचे म्हटले तर ते जवळजवळ अशक्यच. ब्रेलने लष्करी अधिकारी शार्ल बार्बिये यांच्या बारा ठिपक्यांच्या संकेतलिपीवरून सूचना घेऊन, बोटाच्या अग्राखाली एका स्पर्शात मावेल असे, उंचीला तीन आणि रुंदीला दोन ठिपक्यांचे घर केले, तेव्हा वाचन आणि लेखन या दोन्ही क्रिया प्रथमच अंधांच्या स्वाधीन झाल्या. पण शिक्षकांना ही लिपी रुचली नाही. जी आपल्याला वाचता येत नाही ती आपल्या शिष्यांनी का वाचावी, हा त्यांचा अनुच्चारित आक्षेप होता. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती 1854 साली, आणि ब्रेल तर 1852 च्या जानेवारीतच निवर्तला होता.

अमेरिकेत हाच आक्षेप अधिक ठामपणे उभा राहिला. बोस्टनच्या अंधशाळेचे प्रमुख डॉ. सॅम्युएल ग्रिडली हौ हे कर्तबगार आणि उदारबुद्धीचे पुरुष होते. परंतु अंधांना वेगळी लिपी दिली तर ते समाजापासून वेगळे पडतील, या प्रामाणिक समजुतीने त्यांनी रोमन अक्षरांनाच कोन पाडून ‘बोस्टन लाइन’ नावाचा ठसा तयार केला आणि 1835 पासून त्यात ग्रंथ छापण्याचा सपाटा लावला. चार्ल्स डिकन्स 1868 साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असता त्याने आपल्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीच्या 250 प्रती याच ठशात स्वतःच्या खर्चाने काढविल्या, आणि त्या निरनिराळ्या अंधशाळांना वाटण्यात आल्या. दान थोर होते, यात शंका नाही. पण ज्या बोटांसाठी ते केले, त्यांतील कितीतरी बोटांना तो ठसा वाचताच येत नसे, ही गोष्ट दात्याच्या कानावर घालण्याचे कोणाला सुचले असेल असे वाटत नाही.

ठिपक्यांची लिपी अखेर अमेरिकेतही आली. परंतु ती एकटी न येता तिच्यामागून तिची भावंडेही आली, आणि मग जी भाऊबंदकी माजली तिला तिकडील इतिहासकार ‘ठिपक्यांचे युद्ध’ असे म्हणतात. न्यूयॉर्कच्या अंधशाळेचे अधीक्षक विल्यम बेल वेट यांनी 1868 च्या सुमारास ‘न्यूयॉर्क पॉइंट’ ही आपली लिपी पुढे केली. ब्रेलचे घर उंचीला तीन ठिपक्यांचे आणि ठराविक रुंदीचे. वेट यांचे घर उंचीला दोनच ठिपक्यांचे, पण अक्षरागणिक रुंदीला कमीजास्त होणारे. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना त्यांनी थोडे ठिपके दिले आणि क्वचित येणाऱ्यांना अधिक, त्यामुळे कागद वाचत असे. मात्र मोठ्या लिपीतले अक्षर काढावयाचे म्हणजे ते इतके ऐसपैस होई की पुष्कळ ग्रंथांत मोठी अक्षरे गाळूनच टाकावी लागत. दहा वर्षांनी बोस्टनच्या शाळेतील पियानो जुळवण्याचे शिक्षक जोएल स्मिथ, जे स्वतः अंध होते, त्यांनी सहा ठिपक्यांचे घर कायम ठेवून, पण अक्षरांची वाटणी नव्याने करून ‘अमेरिकन ब्रेल’ निर्माण केली. इंग्लंडातून मूळ वळणाची ब्रेल येतच होती. शिवाय ब्राइटनचे विल्यम मून यांनी 1845 साली काढलेली सोप्या रेघांची लिपी उतारवयात दृष्टी गेलेल्यांना त्यातल्या त्यात सुगम म्हणून टिकून होती. अशा रीतीने एका भाषेसाठी पाच लिप्या झाल्या, आणि प्रत्येक लिपीमागे एकेक संस्था, एकेक छापखाना आणि एकेक मानी संस्थाप्रमुख उभा राहिला.

या कलहाचा भुर्दंड कोणावर बसला, हे पाहण्यासाठी फार शोध करावा लागत नाही. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे 1858 साली अंधांसाठी छापखाना स्थापन झाला होता, आणि 1879 साली अमेरिकन काँग्रेसने अडीच लाख डॉलरांचा कायमनिधी बाजूला काढून त्याच्या व्याजातून, म्हणजे वर्षाकाठी दहा हजार डॉलरांतून, अंधशाळांना क्रमिक पुस्तके पुरविण्याची तरतूद केली होती. रक्कम तुटपुंजी, त्यातही एकच व्याकरण किंवा एकच भूगोल दोन-दोन लिप्यांत काढावा लागला तर नव्या ग्रंथाला पैसा उरणार कोठून? हेलन केलरसारख्या बुद्धिमान स्त्रीला वाचनाची भूक भागवण्यासाठी या साऱ्या लिप्या एकामागून एक शिकाव्या लागल्या. आणि ज्यांना तितकी शक्ती अथवा सवड नव्हती, त्यांना आपल्या शाळेत जी लिपी शिकवली त्याच लिपीच्या कपाटापाशी जन्मभर बसून राहावे लागले.

न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणमंडळाने सार्वजनिक शाळांत अंध मुलांचे वर्ग काढण्याचे ठरवले, तेव्हा 1909 साली त्यांना कोणती लिपी शिकवावी यावर जाहीर सुनावणी झाली. वेट यांच्याच शहरात त्यांच्या लिपीविरुद्ध साक्षी झाल्या, आणि मंडळाने अमेरिकन ब्रेलच्या बाजूने कौल दिला. परंतु त्या लिपीचाही विजय अल्पकाळचाच ठरला. अंध-कार्यकर्त्यांच्या संघटनेने नेमलेल्या समितीने गावोगाव हिंडून, वाचकांच्या बोटांखाली निरनिराळ्या लिप्या ठेवून त्यांचा वेग आणि चुका तपासल्या. आणि दिसून आले असे की, ब्रिटिश ब्रेल बाजूस सारण्यासारखी तर नव्हतीच, शिवाय तिच्यात छापलेल्या ग्रंथांचा साठाही मोठा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने आपले दोन्ही घरचे उमेदवार बाजूला ठेवून ब्रेलची मूळ अक्षरे पत्करली. शब्द थोडक्यात लिहिण्याच्या संक्षेपचिन्हांबाबतचा शेवटचा तंटा मात्र अद्याप मिटावयाचा होता.

इकडे ग्रंथालयांनी आपला कारभार अगदी लहान प्रमाणावर सुरू केला होता. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1868 साली उठावाच्या अक्षरांची आठ पुस्तके देणगीदाखल आली, तीच त्या देशातील या सेवेची मुहूर्तमेढ समजतात. फिलाडेल्फियात 1882 साली घरोघर जाऊन मूनलिपी शिकवणारी आणि त्याच फेरीत पुस्तके पोहोचवणारी मंडळी निघाली. पुढे 1897 साली वॉशिंग्टन येथे काँग्रेसच्या ग्रंथालयाची नवी भव्य वास्तू उघडली, तेव्हा ग्रंथपाल जॉन रसेल यंग यांनी तिच्यात अंध वाचकांसाठी एक स्वतंत्र दालन राखून ठेवले आणि एटा जॉसलिन गिफिन या बाईंच्या हाती ते सोपवले. तेथे दुपारच्या वेळी शहरातील स्त्रीपुरुष येऊन मोठ्याने वाचून दाखवीत. त्याच ग्रंथालयात त्या काळी नोकरीस असलेले कृष्णवर्णीय कवी पॉल लॉरेन्स डनबर यांनीही तेथे आपल्या कविता वाचून दाखवल्या. उपक्रम सुंदर होता. परंतु त्याचा लाभ वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या आणि कोणाचा तरी हात धरून त्या पायऱ्या चढू शकणाऱ्या मोजक्या लोकांनाच मिळे. कान्ससच्या शेतवाडीतील अंध म्हाताऱ्याला त्या दालनाचा उपयोग शून्य.

त्या म्हाताऱ्यापर्यंत प्रथम पोहोचला तो ग्रंथपाल नव्हे, टपालवाला. ठिपक्यांचा कागद जाड असतो, आणि ठिपके दबू नयेत म्हणून तो सैल बांधावा लागतो. त्यामुळे डोळसांच्या खिशात मावणारी एखादी कादंबरी ब्रेलमध्ये अनेक गलेलठ्ठ खंडांची होते, आणि तिच्या हशिलाची रक्कम गरीब वाचकाच्या आवाक्याबाहेर जाते. ही अडचण ओळखून काँग्रेसने 1904 साली असा कायदा केला की, ग्रंथालयाने अंध वाचकाकडे पाठवलेली आणि वाचकाने परत केलेली उठावाची पुस्तके टपालखात्याने विनामूल्य पोहोचवावीत. या एका सवलतीने ग्रंथालयाच्या भिंती देशाच्या सीमांपर्यंत सरकल्या. त्या काळच्या भाषणांत आणि समारंभांत या कायद्याचा गौरव फारसा आढळत नाही, परंतु अंधांच्या वाचनासाठी त्या काळी जे जे झाले, त्यांत याहून अधिक फलदायी काही झाले असेल असे मला वाटत नाही.

तथापि वाट मोकळी झाली तरी त्या वाटेने पाठवावयास पुस्तके हवीत, आणि ती नव्हती. सरकारी मदत काय ती शाळेतील मुलांपुरती. शाळा सुटली की पुस्तकही सुटले. बरे, अंधत्व बहुधा बालपणी येत नाही. पुष्कळांची दृष्टी पन्नाशी-साठीनंतर जाते, आणि महायुद्धाने तर ऐन उमेदीतील सैनिकांना अंधत्व देऊन घरी पाठवले होते. या प्रौढांचा विचार करणारी ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था 1921 साली निघाली, आणि तिला लवकरच रॉबर्ट अर्विन यांच्यासारखा मनुष्य मिळाला. अर्विन वयाच्या पाचव्या वर्षी अंध झाले; वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठाचे ते पहिले अंध पदवीधर, नंतर हार्वर्डचे विद्यार्थी, त्यानंतर क्लीव्हलंडच्या शाळांतील अंधवर्गांचे निरीक्षक. या हकीकतीत आजवर आलेल्या बहुतेक मातब्बर पुरुषांत आणि अर्विन यांच्यात फरक हा, की ज्याच्यासाठी योजना करावयाची तो वाचक ते स्वतःच होते. त्यांनी प्रथम खर्चाला हात घातला: कागदाच्या दोन्ही बाजूंना, एका बाजूचे ठिपके दुसऱ्या बाजूच्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत बसवून छापण्याची युक्ती युरोपात माहीत होती, ती अमेरिकेत यंत्रावर सुलभ व स्वस्त व्हावी म्हणून त्यांनी प्रयोग करवले. आणि मग ते तिजोरीकडे वळले.

न्यूयॉर्कच्या प्रतिनिधी रूथ प्रॅट आणि युटाचे सिनेटर रीड स्मूट यांनी विधेयक मांडले. 1930 च्या वसंतात हेलन केलर यांनी समितीपुढे साक्ष दिली. आणि राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी 3 मार्च 1931 रोजी त्यावर सही केली. प्रौढ अंधांना पुस्तके पुरविण्यासाठी दरसाल एक लाख डॉलरांची मंजुरी, पुस्तकांची निवड व खरेदी काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे, आणि वाटप देशभर विखुरलेल्या दीड डझनांच्या आसपास प्रादेशिक ग्रंथालयांमार्फत, अशी या कायद्याची साधी रचना होती. भयंकर मंदीचे ते दिवस. लाखो लोक बेकार, बँका बुडत चाललेल्या. अशा वेळी ही मंजुरी मिळाली, हे नवल. परंतु तिचा खरा पराक्रम वेगळाच होता. आजवर निरनिराळे दाते निरनिराळ्या संस्थांना पैसा देत, आणि प्रत्येक संस्था आपापली लिपी पोशीत असे. आता साऱ्या देशासाठी एकच मोठे गिऱ्हाईक उभे राहिले, आणि त्याला एकच ग्रंथ दोन वळणांत विकत घेण्याची हौस परवडणारी नव्हती. लगेच दुसऱ्या वर्षी, 1932 च्या जुलैत, ब्रिटिश व अमेरिकन प्रतिनिधी लंडनला बसले आणि इंग्रजी ब्रेलचे एकच प्रमाण वळण त्यांनी ठरवले. शतकभराच्या वादाचा निकाल लागावयास विद्वानांचे युक्तिवाद कारण झालेच. पण त्यांच्यापेक्षा हिशेबाच्या वहीचा आधार अधिक झाला, असे म्हणणे भाग आहे.

लिपीचा प्रश्न सुटला, आणि त्याच क्षणी लिपीची मर्यादाही डोळ्यांत भरली. मजुरीने घट्टे पडलेली अथवा वयाने बधिर झालेली बोटे ठिपके वेचू शकत नाहीत. अंधांपैकी ब्रेल सराईतपणे वाचणारे थोडेच. थॉमस एडिसन यांनी 1878 साली आपल्या ध्वनिलेखन यंत्राचे उपयोग मोजताना अंधांसाठी बोलणारी पुस्तके हा एक उपयोग सांगितलाच होता. परंतु बाजारातील तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई आणि चार-पाच मिनिटांत संपे. एक कादंबरी ऐकावयाची तर तबकड्यांचा ढीग उलटावा लागला असता. अर्विन यांच्या संस्थेने जॅक्सन क्लेबर या अभियंत्याला कामास लावले, आणि त्याने मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची, अधिक बारीक व दाट खाचांची, टपालात सहसा न फुटणारी तबकडी सिद्ध केली. तिच्या एका बाजूवर सुमारे पाव तासाचे वाचन मावे. एक मध्यम कादंबरी पंधरा-वीस तबकड्यांत बसे. गाणी ऐकणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाच्या घरी या संथ वेगाच्या लांब तबकड्या रूढ झाल्या त्या 1948 नंतर. अंध वाचक त्या चौदा वर्षे आधीपासून ऐकत होते.

पहिली यादी 1934 सालची, आणि ती मुळातूनच पाहण्याजोगी आहे. तीत बायबलमधील चार शुभवर्तमाने व स्तोत्रे आहेत, स्वातंत्र्याचा जाहीरनामा व राज्यघटना आहे, शेक्सपियरची ‘हॅम्लेट’, ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आणि ‘अ‍ॅज यू लाइक इट’ ही नाटके आहेत. आणि त्यांच्या पंगतीला किपलिंगची कथा व वुडहाउसच्या जीव्ह्ज नावाच्या खानसाम्याच्या गोष्टीही निःसंकोच बसल्या आहेत. धर्मादायाने छापलेल्या जुन्या पुस्तकांत उपदेशाचा भरणा असे; अंध मनुष्यालाही केवळ हसण्यासाठी वाचावेसे वाटते, ही गोष्ट सरकारी यादीने प्रथम मान्य केली. इंग्लंडनेही मागोमाग 1935 साली बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय काढले, त्यातील पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक खूनकथा आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ ही होती.

दोन विघ्ने अजून उरली होती. पहिले प्रकाशकांचे: तबकडी निघाली की ती कोणीही ऐकील, नभोवाणीवरही लावील, आणि पुस्तकाचा खप बुडेल, ही त्यांची धास्ती. अर्विन यांनी लेखक व प्रकाशकांच्या संघांशी करार केला की, या तबकड्या केवळ अंधांच्या उपयोगासाठी राहतील, त्या विकल्या जाणार नाहीत आणि जाहीरपणे वाजवल्या जाणार नाहीत. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी निवेदक तशी सूचना वाचू लागला. दुसरे विघ्न यंत्राचे. तबकडी टपालाने फुकट येई, पण ती वाजवण्याचे यंत्र घेण्याची ऐपत मंदीत किती अंधांना असणार? खुद्द हेलन केलर यांनी 1933 साली, लक्षावधी लोक बेकार असता या चैनीसाठी वर्गणी मागणे आपल्याला जमणार नाही, असे कळवून अर्विन यांना नकार दिला होता. त्या स्वतः बधिर व अंध असल्याने या शोधाचा त्यांना काडीचाही लाभ नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे पुढची गोष्ट अधिकच मोठी वाटते: दोन वर्षांत त्यांचे मत पालटले, आणि त्यांनी आपले वजन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापाशी खर्च केले. बेकारांना काम देण्यासाठी निघालेल्या सरकारी खात्याने 1935 पासून ही यंत्रे बांधावयास घेतली आणि 1942 पर्यंत सुमारे 23,000 यंत्रे तयार केली. यंत्राची मालकी काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे, वापर वाचकाकडे. काही यंत्रे विजेवर चालणारी होती, काही चावीची. कारण खेडोपाडी वीज नव्हती.

या सर्व घडामोडींचे पडसाद आपल्याकडे उमटले ते एका अंध सैनिकामुळे. न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावून बसले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हिंदुस्थानात आले, डेहराडूनला अंध हिंदी सैनिकांच्या वसतिगृहाचे प्रमुख झाले, आणि अंधत्वाविषयीचा सरकारी अहवाल 1944 साली निघाला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. येथे येऊन पाहतात तो अमेरिकेचीच भाऊबंदकी! कलकत्त्याची शहा ब्रेल, पश्चिमेकडील नीलकंठराय ब्रेल, अमृतसरची शार्प ब्रेल, म्हैसूरची निराळी. एका प्रांतातील पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंधाला अगम्य. स्वतंत्र भारत सरकारने 1949 साली युनेस्कोकडे या प्रश्नी साहाय्य मागितले. 1950 साली पॅरिसला आणि 1951 साली बैरूटला परिषदा झाल्या, सुनीतिकुमार चटर्जींसारख्या भाषापंडितांचा सल्ला घेण्यात आला, आणि ‘भारती ब्रेल’ सिद्ध झाली. तीत मराठीचा ‘क’, बंगालीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ एकाच ठिपक्यांनी लिहिला जातो. त्याच वर्षी डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखाना निघाला, 1952 साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघटनेची स्थापना झाली, आणि अंध-वाङ्मयाला टपालखर्चाची माफीही आपल्याकडे मिळाली. अमेरिकेने ज्या वाटेवर शंभर वर्षे घालवली, ती आपण पुष्कळ लवकर ओलांडली. कारण येथे निर्णय निरनिराळ्या आश्रयदात्यांच्या हाती न राहता एका सरकारी दप्तरात आला.

अर्विन यांनी प्रकाशकांशी केलेला करार मात्र अखेर परवानगीचाच होता, आणि परवानगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर जगते. तिचे हक्कात रूपांतर व्हावयास आणखी ऐंशी वर्षे लागली. भारताने 2012 साली आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती करून, अपंग वाचकांना वापरता येईल अशा स्वरूपात कोणतेही पुस्तक करून देण्याची मुभा दिली. आणि अशा प्रती देशोदेशी नेता याव्यात म्हणून 27 जून 2013 रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला अनुमती देणारे जगातील पहिले राष्ट्र 24 जून 2014 रोजी भारतच ठरले. अमेरिका या करारात सामील झाली ती 2019 साली. आता करार आहे, कायदा आहे, ध्वनिमुद्रण तर खिशातल्या यंत्रावर येऊन बसले आहे. तथापि नव्या मराठी पुस्तकांपैकी किती पुस्तके अंध वाचकाच्या बोटांना वा कानांना लाभतात, हे कोणत्याही प्रकाशकाने आपल्या सूचिपत्रावरून एकदा नजर फिरवून स्वतःशीच मोजून पाहावे. अमेरिकन इतिहासाचा दाखला असा की, लिपी, यंत्र आणि कायदा तिन्ही अनुकूल असले तरी पुस्तक आपल्या पायांनी चालत जात नाही. त्यासाठी दरसालची तरतूद लागते, ती निष्ठेने राबवणारे ग्रंथपाल लागतात, आणि कोणते पुस्तक आधी काढावे हे ठरवणाऱ्या समितीत अर्विन यांच्यासारखा एक तरी अंध वाचक बसलेला असावा लागतो.